खोदीव आणि बांधीव : कुकडीच्या खोऱ्यातले गड

कुकडी ही महाराष्ट्राच्या मोठ्या नद्यांत मोजली जात नाही. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यालगत पूर गावाजवळ ती उगम पावते, माणिकडोहच्या धरणात अडते, जुन्नर शहराजवळून पूर्वेकडे जाते आणि पुढे घोड नदीला मिळते. घोड भीमेला, भीमा कृष्णेला. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले रांजणखळगे आहेत, ते पाहायला लोक जातात. बाकी तिचे नाव फारसे कुणाच्या तोंडी नसते. पण उगमाच्या वरचा घाटमाथा ते जुन्नर हा पंचवीस-तीस किलोमीटरचा पट्टा घेतला, तर त्यात सातवाहनकाळातला एक घाटरस्ता, चार डोंगरी किल्ले, दोनशेहून जास्त लेणी आणि उगमावरचे एक देखणे शिवमंदिर एवढे सगळे सापडते. इतक्या लहान खोऱ्यात दोन हजार वर्षांचा इतिहास असा दाटीने बसलेला क्वचितच पाहायला मिळतो.

जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी ही त्या चार गडांची नावे. भटक्यांना चारही ठाऊक आहेत, पण बहुतेक जण ते सुटे सुटे पाहतात. शिवनेरी शिवजयंतीला, जीवधन शेजारच्या वानरलिंगीच्या सुळक्यासाठी, नाणेघाट पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे पाहायला. चावंड आणि हडसर एखाद्या रविवारी, जमले तर. त्यामुळे एक गोष्ट निसटते. हे चार गड एका वाटेचे आणि एका नदीचे आहेत. कोकणातून घाट चढून आलेला माल ज्या दिशेने जायचा, त्याच दिशेने, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, ते ओळीने पाहिले तर प्रत्येक गड त्या जागी का आहे हे आपोआप उलगडत जाते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत ठेवून गेले तर पाहण्याची गोडी वाढते. गडावर जे काही दिसते त्याचे दोन भाग पाडता येतात : कातळात खोदलेले आणि चुन्या-दगडात बांधलेले. या खोऱ्यातले सर्वांत जुने ते खोदीव आहे. तट, बुरूज, कमानी, अंबारखाने यांतले बरेचसे बहमनी, निजामशाही किंवा मराठा काळातले. ‘सातवाहनकालीन किल्ला’ अशी पाटी वाचून माणूस बुरुजाकडे पाहत राहतो, आणि खरे प्राचीन काम त्याच्या पायाखालच्या पायरीत किंवा डाव्या हाताच्या टाक्यात असते.

खोदीव कामाला हा मुलूख इतका मानवला, त्याचे कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. हे थर जवळजवळ आडवे आहेत आणि सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट, काळ्या बेसाल्टचा थर झिजत नाही. तो उभा तुटतो आणि कडा तयार होतो. त्याच्या खालचा सच्छिद्र, मऊ थर झिजून मागे सरतो आणि कड्याच्या पोटात पट्टा राहतो. अशा डोंगराला माथ्यावर सपाटी मिळते, चारही बाजूंनी ताशीव कडा मिळतो आणि कमरेला छिन्नी चालेल असा थर मिळतो. सपाटीवर शिबंदी राहते, कडा तटाचे काम करतो आणि कमरेच्या थरात भिक्षूंची लेणी होतात. शिवनेरीवर या तिन्ही गोष्टी एकाच डोंगरात आहेत.

सुरुवात नाणेघाटापासून करावी. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात वैशाखरे गाव सोडले की जंगलातून पायवाट चढू लागते आणि दोन-तीन तासांत कड्याच्या एका खाचेत शिरते. ही खाच म्हणजे घाट. दोन्ही बाजूंना कातळ, मधून दगडी पायऱ्यांची चढण, वाटेत पाण्याची टाकी आणि माथ्याच्या थोडे खाली उजेडाकडे तोंड करून असलेले लेणे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच चढणीने वर येऊन जुन्नरला आणि तिथून पैठण, तेर अशा शहरांकडे जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या चारही ठिकाणांचा उल्लेख आहे. कल्याण बंदरात उतरू पाहणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असेही तो नोंदवतो. कोकणातली बंदरे आणि त्यांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या वाटा कुणाच्या हाती राहणार, याची चुरस तेव्हाही किती तीव्र होती हे त्यावरून समजते.

नाणेघाटाच्या लेण्याच्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे राजाने केलेल्या अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. दक्षिणेचे आकडे अंकचिन्हांत कोरले आहेत, शंभर आणि हजार यांची चिन्हे वेगळी. भारतीय अंकांचा इतिहास लिहिताना कुणालाही या भिंतीला वगळता येत नाही. कर्नल विल्यम साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला, भगवानलाल इंद्रजींनी त्यातली अंकचिन्हे उकलली, ब्यूलरने १८८३ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले आणि वा. वि. मिराशींनी सातवाहनांच्या लेखांच्या अभ्यासात त्याचा सविस्तर विचार केला.

मागच्या भिंतीवर एकेकाळी सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार आणि नागनिकेचे वडील मानले जाणारे महारठी अशा राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच उरले आहे. एखाद्या देवळात किंवा विहारात नव्हे, तर वाहत्या वाटेवर, जिथून रोज बैलांचे तांडे आणि व्यापारी जाणार तिथे राजघराण्याने आपल्या मूर्ती आणि आपल्या दानाचा हिशेब मांडला. कोकणातून धापा टाकत आलेला माणूस सावलीला टेकला की समोर हाच मजकूर. राज्य कुणाचे आहे हे सांगायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. रांजणाचे काम कोणतेही असो, अशा घाटात जकात घेतली जाणार आणि घेणाऱ्याला संरक्षणही द्यावे लागणार, हे उघड आहे.

ते संरक्षण म्हणजे जीवधन. नाणेघाटाच्या दक्षिणेला, घाटाच्या तोंडाशीच, साडेतीन हजार फुटांहून उंच असा हा गड उभा आहे. त्याच्या पश्चिम टोकावरून कोकणाचा मोठा पट्टा दिसतो आणि घाट चढणारी हालचाल लपू शकत नाही. त्याच्या दोन दरवाजांची नावेच त्याचे काम सांगतात : एक कल्याण दरवाजा, दुसरा जुन्नर दरवाजा. वाटेची दोन टोके गडाच्या दोन दारांवर. कल्याण दरवाजाची वाट नाणेघाटाकडच्या जंगलातून, वानरलिंगीच्या जवळून जाते. कातळ कोरून केलेल्या पायऱ्या आणि वर कातळाच्याच कुशीत दडलेले प्रवेशद्वार. जुन्नर दरवाजाची वाट घाटघर गावाकडून चढते. तिच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये फोडल्या, त्यामुळे मधला एक टप्पा हातापायांनी चढावा लागतो.

माथ्यावर जीवधनचा सर्वांत सुरेख भाग म्हणजे धान्यकोठी. बाहेरून साधी वाटणारी ही दगडी इमारत आत शिरल्यावर एकामागे एक दालने उघडत जाते. गारवा असा की उन्हाळ्यातही बाहेर यावेसे वाटत नाही. कोठीत अजून राख सापडते, ती अठराशे अठराच्या लढाईत जळालेल्या धान्याची, असे घाटघरचे लोक सांगतात. निजामशाहीच्या पडत्या काळात त्या घराण्यातला मूर्तझा नावाचा लहान मुलगा याच गडावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवले आणि १६३३ मध्ये पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवून तीन वर्षे त्याच्या नावाने राज्य चालवले. घाटावर नजर ठेवायला उभारलेला गड राजपुत्रांना जगाच्या नजरेआड ठेवायलाही तेवढाच सोयीचा होता. पुढे चावंडवर हीच गोष्ट पुन्हा दिसते.

जीवधन उतरून पूर्वेला निघाले की भातखाचरांतून रस्ता पूर गावाला येतो. इथे कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवमंदिरे बांधली, त्यांतले हे एक, अशी परंपरा आहे. रतनवाडीचा अमृतेश्वरही त्याच मालिकेत सांगितला जातो. कुकडेश्वराचे शिखर आज नाही. पण भिंतींवरच्या मूर्ती आणि दाराची चौकट पाहण्यात तास सहज जातो. गड पाहायला निघालेली मंडळी हे मंदिर गाडीतूनच मागे टाकतात. तसे करू नये. सातवाहनांनंतर आणि बहमनींच्या आधी हे खोरे ओस पडले नव्हते, वाट चालू होती आणि नदीच्या उगमाला दगडी मंदिर उभारण्याएवढी सुबत्ता होती, याचा हा उभा पुरावा आहे.

पूरच्या पुढे खोरे रुंदावते. मधोमध माणिकडोहचे पाणी, दक्षिणेला चावंड, उत्तरेला हडसर. धरण आताचे आहे. पूर्वी या तळाशी नदी आणि तिच्या काठची वाट असणार. एका काठावर एक आणि समोरच्या काठावर दुसरा गड ठेवला की मधून जाणारे काहीही दोन्हींच्या नजरेतून सुटत नाही.

चावंड लांबूनच ओळखू येतो, कारण त्याचा कडा चारही बाजूंनी सरळ उतरतो. पायथ्याच्या चावंडवाडीतून पायवाट कड्याला भिडते आणि मग कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या सुरू होतात. आता तिथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. पूर्वी नव्हते; वाटेतल्या एका अवघड वळणावर जुनी लहान तोफ, जंबुरका, दगडात उभी रोवलेली आहे आणि चढणारा आजही तिला धरून वर होतो. पुढच्या पायऱ्या उंचीला गुडघ्याच्याही वर जातात. मेजर एल्ड्रिजच्या इंग्रज फौजेने मे १८१८ मध्ये गड घेतल्यावर पायऱ्यांची तोडफोड केली, तरी कोरलेली वाट पुरती संपवणे त्यांना जमले नाही. बांधलेला जिना सुरुंगाने उडतो. डोंगरातच कोरलेली पायरी नष्ट करायची तर डोंगर फोडावा लागतो.

दरवाजाशी कातळातच गणपती कोरला आहे. आत गेल्यावर माथ्याचा विस्तार आश्चर्यात टाकतो : पुष्करणी, पडक्या देवळाचे कोरीव दगड, वाड्यांची जोती, कड्याच्या पोटातल्या गुहा आणि सर्वांत उंचावर चामुंडादेवीचे देऊळ. पण थांबावे ते सप्तमातृकांच्या टाक्यांशी. कातळात ओळीने खोदलेली ही सात टाकी. डोंगरी किल्ल्याचा जीव तटात नसतो, पाण्यात असतो. तट कोसळला तरी कडा आहे. पाणी संपले की किल्लेदार आठवड्याभरात किल्ल्या खाली पाठवतो. म्हणून या चारही गडांवर टाक्यांची संख्या डोळ्यांत भरते. टाके खोदण्याचा दुहेरी फायदाही होता : पाण्याला जागा झाली आणि निघालेला दगड बांधकामाला मिळाला. काही टाकी पोटातून आत खोदत नेऊन वरचा कातळ खांबांवर तोलून ठेवला आहे, त्यांना खांबटाकी म्हणतात. छपराखालच्या पाण्याला ऊन लागत नाही, ते आटत नाही आणि शेवाळतही कमी.

टाके पाहून त्याचे वय सांगणे अवघड. खोदण्याची पद्धत शतकानुशतके फारशी बदलली नाही; शेजारी लेख असेल तिथेच काळ नक्की ठरतो. पण ते वापरात किती काळ राहिले, हे मात्र दिसते. एका राजवटीने खोदलेले टाके पुढच्या चार राजवटींनी उपसले, गाळ काढला, पायऱ्या दुरुस्त केल्या. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस जुन्नर परिसरात जम बसवताना हे गड हाती घेतले. त्याच्याच घराण्यातला तान्हा बहादूर शंभर वर्षांनी, १५९५ च्या सुमारास, दरबारातल्या गटबाजीत चावंडवर कैदेत पडला. मुघलांनी अहमदनगरला वेढा दिला तेव्हा चांदबिबीने त्याचा हक्क धरून लढा दिला आणि तह झाल्यावर बहादूरला इथून नेऊन गादीवर बसवण्यात आले. शिवाजी महाराजांच्या काळात गडाचे नाव प्रसन्नगड झाले. पाणी त्याच सात टाक्यांचे.

समोरच्या काठावरचा हडसर, म्हणजे पर्वतगड, खोदीव कामासाठी पाहावा. इतर गडांत दरवाजा बांधतात. हडसरला दोन टेकाडांमधल्या खिंडीत कातळ वरून खाली कोरत नेऊन वाट काढली आहे आणि त्या कोरलेल्या नाळेतच एकामागे एक दरवाजे साकारले आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना डोंगराचेच अखंड अंग. शत्रू आत आलाच तर वरून दगड लोटण्याशिवाय शिबंदीला काही करावे लागू नये, अशी ती रचना. दरवाजांतून जाताना छिन्नीचे घाव बोटांनी चाचपता येतात. माथ्यावर महादेवाचे देऊळ, मोठे टाके आणि कातळात कोरलेली तीन मोठी दालने आहेत; ही धान्याची कोठारे. त्यांच्याजवळ गणपती कोरलेला आहे. दुसरी एक वाट कड्यात ठोकलेल्या खुंट्यांवरून चढते. ती सरावलेल्या माणसांनीच, दोर घेऊन, करावी.

सह्याद्रीत उत्तम बांधीव किल्ले पुष्कळ आहेत. डोंगराचाच दरवाजा केलेला हडसरसारखा गड पाहायला पर्यटकांची रांग का लागत नाही, याचे नवल वाटते.

इथून खोरे जुन्नरला पोहोचते. पंधराव्या शतकात या शहरात अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी येऊन राहिला. त्वेर शहरातून निघालेला हा माणूस कास्पियन समुद्र, इराण, होर्मुझ असा प्रवास करत एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला, कारण हिंदुस्थानात घोड्याला मोठी किंमत येते असे त्याने ऐकले होते. तिथून घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकला. त्याने जुन्नरचा गड माणसाने नव्हे, देवाने घडवल्याचे लिहिले आहे; वर जायला दिवस लागतो आणि वाट इतकी अरुंद की दोघे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, असेही. बहमनी सरदार असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो असे सांगितले. एका खुरासानी अमिराने मध्यस्थी केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. नागनिकेच्या लेखानंतर दीड हजार वर्षांनीही किनाऱ्यावर परदेशातून आलेले मोलाचे जनावर जुन्नरलाच येत होते, हे या प्रसंगातून कळते.

परदेशी माणूस हे जुन्नरला नवल नव्हते. शिवनेरीच्या कड्याच्या पोटात साठांहून जास्त बौद्ध लेणी आहेत आणि तिथल्या दानलेखांत यवनांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी दान केली. चिट नावाच्या दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला. जुन्नरजवळच्याच मानमोडीच्या लेण्यांत चंद नावाच्या यवनाचे दान आहे. ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या या मंडळींनी जुन्नरच्या भिक्षूंना पाणी आणि जेवायला जागा दिली, आणि ती गोष्ट ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवली. त्यांच्या शेजारी इथल्याच लोकांचे लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बुरुडांची श्रेणी, कांस्यकारांची श्रेणी : कुणी लेणे दिले, कुणाकडे पैसे गुंतवून त्याच्या व्याजातून धर्मकार्य चालवायचे ठरले. राजेरजवाडे या लेखांत थोडे. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम भेटतो, पण बहुतेक दाते वाटेवर पोट असलेली माणसेच. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या चारही समूहांतली मिळून दोनशेहून जास्त लेणी याच पैशातून कोरली गेली. आज लेण्याद्रीच्या एका विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसला आहे, आणि गणपतीला जाणारा भाविक नकळत दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी कोरलेल्या दालनात हात जोडतो.

शिवनेरीवर जायच्या दोन वाटा आहेत. बहुतेक जण सात दरवाजांची पायऱ्यांची वाट धरतात : महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर. दरवाजे सावकाश पाहावेत. प्रत्येक दरवाजा वाटेला असे वळण देतो की हल्ला करणाऱ्याला धाव घेता येत नाही आणि वरच्या तटावरून त्याची उघडी बाजू दिसत राहते. हे बांधीव शास्त्राचे उत्तम उदाहरण. दुसरी साखळीची वाट कड्याला भिडते आणि लेण्यांजवळून वर जाते. ती चढणाऱ्याला कड्याच्या पोटातला भिक्षूंचा शिवनेरी आणि माथ्यावरचा शिबंदीचा शिवनेरी एका चढणीत दिसतो.

माथ्यावर अंबारखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, कमानी मशीद, ईदगाह, कडेलोट आणि शिवाई देवीचे स्थान. आणि अर्थातच ती वास्तू, जिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दख्खनेत दुष्काळ पडू लागला होता, शहाजीराजे मोहिमांवर होते. अशा वेळी जिजाबाईंसाठी हा गड निवडला गेला, यात त्याच्या पाण्याची आणि कोठारांची साक्ष आहे. पुढे शहाजीराजांच्या पराभवानंतर हे खोरे मुघलांकडे गेले. १६५० मध्ये महादेव कोळ्यांनी मुघलांविरुद्ध उठाव करून शिवनेरी घेतला. मुघलांनी तो परत जिंकला आणि पकडलेल्यांची गडावर कत्तल केली. तो कोळी चौथरा आजही दाखवला जातो. जन्मस्थानाकडे ओढीने जाणाऱ्या प्रत्येकाने या चौथऱ्याशी क्षणभर उभे राहावे. या डोंगरांच्या वाटा, टाकी, झरे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत, त्या लोकांची ती जागा आहे.

महाराजांनी १६५७ मध्ये रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. पण गड त्यांच्या हाती कधी आला नाही. १६७३ चा प्रयत्नही फसला. त्यानंतर थोड्याच काळाने मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर गडावर जाऊन आला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री वर असल्याचे त्याने लिहिले. हा आकडा वाचल्यावर जीवधनची कोठी, हडसरची कोरलेली दालने आणि शिवनेरीचा अंबारखाना वेगळ्याच महत्त्वाचे वाटू लागतात.

प्रत्यक्ष जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नाणेघाटाचा माथा सुंदर दिसतो, पण चावंडच्या पायऱ्या आणि जीवधनचा कातळटप्पा शेवाळाने निसरडा होतो. तिथे त्या दिवसांत जाऊ नये. तीन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून घाटघरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी जीवधन आणि उतरल्यावर कुकडेश्वर व चावंड, तिसऱ्या दिवशी हडसर आणि दुपारनंतर शिवनेरी, असा क्रम बसतो. घाई वाटली तर हडसर पुढच्या खेपेला ठेवावा, पण दिशा उलटी करू नये. जुन्नरहून घाटघरकडे एसटी जाते, फेऱ्या मोजक्या असतात. वेळा आधी विचारून घ्याव्यात. कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर, मोठा आवाज आणि अत्तर टाळावे. परतताना अंधार पडू देऊ नये, कारण जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर मोठा आहे. जखमी बिबट्यांसाठीचे केंद्रही माणिकडोहलाच आहे.

मुक्काम गावातल्या घरी करावा. घाटघर, चावंडवाडी, हडसर ही बहुतांशी महादेव कोळी समाजाची गावे. पावसाळी भात आणि हिरडा यांवर इथले वर्ष उभे राहते. झाडावरचा कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवून विकणे हे घरातल्या सगळ्यांचे काम असते. जेवण सांगितले तर भाकरी, आमटी-भात मिळतो आणि सोबत वाटाड्याही. चांगला वाटाड्या कोणते टाके पिण्याजोगे आहे आणि कोणत्या कड्याच्या काठाची माती सुटलेली आहे हे जाणतो. त्याला मेहनतान्याचा दर विचारून तो पुरा द्यावा. गडांवरचे पर्यटन या गावांना उपयोगी पडले, तरच गावे गड राखतील.

११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांत शिवनेरी आहे. जीवधन, चावंड, हडसर नाहीत. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्येच राज्याने विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आहे, तेव्हा या तिघांकडे आणि नाणेघाटाकडे लक्ष पुरवायला कागदी अडचण नाही. गरज मोठ्या बांधकामाची नाही. टाक्यांतला गाळ जाणकारांच्या देखरेखीखाली काढावा, चावंडचे कठडे दरवर्षी तपासावेत, हडसरच्या दरवाजाशी नाळेचे काम समजावणारी एक नीट पाटी लावावी. सर्वांत निकडीचे काम नाणेघाटाच्या लेण्यात आहे. नागनिकेच्या लेखातली अक्षरे वारा-पावसाने झिजत चालली आहेत, काही ओळी आता जुन्या ठशांवरूनच वाचाव्या लागतात. त्या भिंतीवर कुणी खडूने नाव लिहीत असेल, तर शेजारी उभ्या असलेल्याने त्याला तिथल्या तिथे थांबवावे.